षड्जाचा ठाव

म्हैसूरहून पश्चिमेस हुणसूर ओलांडून पिरियापट्टण तालुक्यात शिरले, की दोन्ही अंगांना तंबाखूची शेते लागतात आणि त्या शेतांपलीकडे शंकूच्या आकाराचा एक डोंगर एकाएकी उभा राहिलेला दिसतो. कानडीत डोंगराला ‘बेट्ट’ म्हणतात. त्या डोंगराच्या पायथ्याचे गाव ते बेट्टदपुर. माथ्यावर मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. त्याला ‘सिडिलु मल्लिकार्जुन’, म्हणजे विजेचा मल्लिकार्जुन, असे म्हणतात, कारण देवावर वीज उतरते अशी तिकडची श्रद्धा आहे. सरकारी नोकरीत मी तीन वर्षे म्हैसुरास काढली, त्या काळात या गावी माझे दोन-तीनदा जाणे झाले. कामाविषयी सांगण्यासारखे काही नाही. मोजणीचे नकाशे होते, त्यांवर सह्या झाल्या. आज सांगावयाचे आहे ते निराळेच. त्या गावातील एका संध्याकाळी माझ्या आईच्या एका चालीचे काय झाले, ते सांगावयाचे आहे.

चाल म्हणजे तरी केवढी! पाच स्वर, आणि दोन श्वासांत मावेल एवढी लांबी. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी पिठाची गिरणी होती, पण विजेचा भरवसा नव्हता, आणि काही धान्ये जात्यावरच दळायची अशी आईची समजूत होती. पहाटे ती जात्यावर बसली की आम्ही भावंडे अर्धवट झोपेत तिच्या ओव्या ऐकत असू. ओवी रोज निराळी असे, चाल मात्र एकच. शब्दांपैकी आज मला काहीही धड आठवत नाही. या बाबतीत मी एकटाच करंटा आहे असे नव्हे. हेमा राईरकर व गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या नोंदल्या नसत्या तर त्या सगळ्याच आमच्या घरच्या ओव्यांच्या वाटेने गेल्या असत्या. आमच्या घरात उरली ती केवळ चाल.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला माझ्या वडील बहिणीने ती चाल गायिली. ताई पुष्कळ वर्षे गाणे शिकलेली आहे. तिने आपल्या गुरुजींकडून ती चाल बसवून घेतली होती, साथीला पेटी होती, मागे तंबोरा होता. गाणे गोड झाले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. आणि मला मात्र सारखे वाटत राहिले की हे आईचे गाणे नव्हे. स्वर तेच होते, त्यांचा क्रमही तोच होता, तरी काही तरी हलले होते. मी तसे बोलून दाखविले, ही माझी चूक. ताई म्हणाली, “कुठे चुकलं ते दाखव.” मला दाखविता येईना. “मग उगाच बोलू नकोस,” ती म्हणाली. आणि त्यानंतर बरीच वर्षे आमच्या दोघांत तो विषय निघाला नाही. इतर सर्व विषय निघत. तो एक सोडून.

आता बेट्टदपुरास परत येतो. या गावात संकेती ब्राह्मणांची जुनी वस्ती आहे. तमिळ-मलयाळम प्रदेशातून शतकांपूर्वी इकडे आलेली ही मंडळी घरात आपली स्वतंत्र बोली बोलतात, व वेदपठणाची आणि संगीताची आवड त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. हासन जिल्ह्यात कावेरीच्या काठी रुद्रपट्टण म्हणून यांचेच दुसरे गाव आहे, आर. के. श्रीकंठन यांच्यासारखे थोर गायक तेथले. तेथे अलीकडे तंबोऱ्याच्या आकाराचे एक मंदिर बांधलेले आहे. आधारस्वराला एवढा मान देणारे गाव माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

बेट्टदपुरात ज्यांच्याकडे माझी संध्याकाळची कॉफी झाली ते गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. घरात त्यांची वृद्ध आई होती. सगळे तिला अज्जी म्हणत, मीही म्हणू लागलो. अज्जींनी गावातल्या दोन पिढ्यांतील मुलींना गाणे शिकविलेले. बोलता बोलता यजमान म्हणाले, “सार, तुमच्या मुलखाचे काही ऐकवा.” मला गाता येत नाही. परंतु नकार देणे उद्धटपणाचे दिसले असते, म्हणून मी शब्दांवाचून, नुसत्या आकारात, आईची चाल गुणगुणलो. अज्जी आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी दोनच शब्द विचारले, “श्रुति एल्लि?” श्रुती कुठे आहे? आपल्याकडे ज्याला आपण षड्ज म्हणतो, सा म्हणतो, तो कुठला, असा त्यांचा प्रश्न होता.

श्रोतेहो, प्रथमदर्शनी हा प्रश्न मला विचित्र वाटला. गाणे समोर आहे, त्यातले स्वर कानी पडले आहेत, मग सा कुठला हे वेगळे विचारावयाचे कशाला? आपल्याकडे ‘कोणत्या पट्टीत गाता?’ असे विचारतात. त्याचे उत्तर काळी एक, पांढरी चार असे देतात. पण ती चौकशी गळ्याची झाली. अज्जींची चौकशी चालीची होती. या पाच स्वरांत घर कोणते, ज्याच्यापासून बाकीच्यांची अंतरे मोजावयाची तो स्वर कोणता, हे त्यांना हवे होते.

ते ठरविणे किती अवघड आहे हे कोणालाही घरच्या पेटीवर पाहता येईल. (याच आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपले दार बंद केले होते आणि ते पुन्हा किलकिले होण्यास सुमारे तीस वर्षे लागली, हे मी जाणून आहे. तरीही या कामाला पेटीच बरी.) पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त काळ्या पाच पट्ट्या वाजवाव्या. काळी तीन हा षड्ज मानला तर भूप निघतो. पट्ट्या त्याच ठेवून काळी चारला षड्ज म्हटले की मधमाद सारंग, काळी पाचला म्हटले की मालकंस. काळी एक धरली तर दुर्गा, आणि काळी दोन धरली तर धानी. एकही स्वर बदललेला नाही, बदलले आहे ते घर; आणि घर बदलताच कालचा गंधार आज ऋषभ होतो, कालचा ऋषभ स्वतःच षड्ज होऊन बसतो. कर्नाटक संगीतात याला ग्रहभेद म्हणतात. तिकडची नावे अर्थात निराळी. आपला भूप तो त्यांचा मोहनम्, आपला मालकंस तो त्यांचा हिंदोलम्. आणि आपला हिंदोल मात्र या दोहोंपैकी कोणीच नव्हे. नावांच्या या गुंत्यात पुष्कळ शहाणे अडकलेले आहेत.

मैफलीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण मागे तंबोरा असतो. मालकंसात पंचम नाही, म्हणून त्याची पहिली तार मध्यमावर लावतात, पण षड्जाच्या तारा जागच्या हलत नाहीत. मारव्यासारख्या रागात गवई षड्ज मुद्दाम टाळीत राहतो आणि ऐकणाऱ्याला धैवतच घर वाटू लागते. पण तंबोरा खरे घर कोणते त्याची आठवण देत असतो. जात्यावर बसलेल्या बाईच्या मागे तंबोरा नव्हता. जात्याची घरघर हाच तिचा तंबोरा, असे लिहिलेले मी वाचले आहे. वाक्य सुंदर आहे, पण खरे नाही. वैरण पडली की ती घरघर जड होते, धान्य संपत आले की करकरते, हात थकला की मंदावते. तिच्यातून एक स्वर निघत नाही.

मग षड्ज शोधावयाचा कसा? भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात जातींची दहा लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ग्रह म्हणजे चाल जेथून उठते तो स्वर, न्यास म्हणजे जेथे ती विसावते तो, आणि बहुत्व म्हणजे एखाद्या स्वराचे वारंवार येणे, ही आपल्या कामाची. तंबोरा प्रचारात येण्याच्या शेकडो वर्षे आधीची ही विचारसरणी आहे. त्या वेळी एकाच सप्तकात घर हलवून निरनिराळ्या मूर्च्छना करीत असत, तेव्हा घर ओळखण्याच्या खुणा नोंदून ठेवणे त्यांना भागच होते.

यजमानांनी श्रुतिपेटी आणली. विजेवर चालणारी, हातात मावणारी. मी चाल पुनःपुन्हा म्हणत राहिलो आणि अज्जी एकेक लक्षण तपासू लागल्या. चालीतील पाच स्वर खालपासून वर मोजले तर ती उठत होती तिसऱ्यावरून. उठते तेथे घर मानावे, हा एक सोपा मार्ग. तो केवळ भाबड्यांचा आहे असे समजू नका. एडिंबरो येथे लाँगेट-हिगिन्स व स्टीडमन या दोघांनी १९७१ साली बाखच्या प्रसिद्ध अठ्ठेचाळीस फ्यूगांच्या विषयचालींवर हाच प्रयोग संगणकाच्या शिस्तीने केला. एकेक स्वर ऐकावयाचा आणि ज्या सप्तकात तो बसत नाही ते सप्तक यादीतून खोडावयाचे. शेवटी एक उरले तर उत्तर मिळाले. एकाहून अधिक उरली, तर चालीचा पहिला स्वर ज्याचा षड्ज असेल, नाही तर पंचम असेल, ते स्वीकारावयाचे. बाखच्या बाबतीत ही रीत उत्तम चालली. परंतु बाखने घरात शिरतानाच घराचे नाव सांगण्याचा रिवाज पाळला होता. आमच्या आईने तो पाळलेला नव्हता. पहिला स्वर षड्ज धरून अज्जींनी चाल म्हणून पाहिली आणि त्या पहाटेच्या ओवीचा मालकंस झाला. यजमानांना हसू आले. मलाही आले.

नंतर बहुत्व पाहिले. चाल सर्वांत अधिक रेंगाळते तीही तिसऱ्याच स्वरावर. येथे खरी पंचाईत सुरू झाली. सर्वांत खालचा स्वर षड्ज मानला, तर तिसरा स्वर गंधार होतो, आणि भातखंड्यांच्या पद्धतीत भूपाचा वादी गंधारच. खालून दुसरा षड्ज मानला, तर तोच तिसरा स्वर ऋषभ होतो. आणि मधमाद सारंगाचा वादी ऋषभ! म्हणजे साक्षीदार दोन्ही पक्षांच्या वतीने सारख्याच खात्रीने बोलतो. न्यायालयात असा साक्षीदार निघाला तर त्याला सोडून द्यावा लागतो.

राहिला न्यास. चाल विसावते कुठे? श्रुतिपेटी सर्वांत खालच्या स्वरावर लावून मी ताईसारखे म्हटले, आणि शेवट सहज त्या खालच्या स्वरावर झाला. अज्जींनी मान हलविली. मोहनम्. हाच भूप ताईच्या गुरुजींनी धरला होता. पण लागलीच मी बिचकलो, कारण आधी, श्रुतीवाचून म्हणताना, मी त्या खालच्या स्वरावर थांबलोच नव्हतो. मी थांबत होतो त्याच्या वरच्या स्वरावर. शेवटी खाली उतरण्याचे ते पाऊल ताईच्या गाण्यात होते, माझ्यात नव्हते. आणि श्रुती मागे लागताच माझाही गळा आपोआप ते पाऊल टाकू लागला होता. भूपात ऋषभावर गाणे संपविले तर ते लोंबकळत राहते. म्हणून गुरुजींनी ते एक पायरी उतरवून षड्जावर आणून ठेवले होते. त्यांच्या दृष्टीने त्यांनी चूक दुरुस्त केली होती.

इतकी वर्षे मला दाखविता न आलेली जागा ती हीच होती. एक स्वर.

तथापि यजमान सावध गृहस्थ. त्यांनी विचारले, की जात्यावरच्या गाण्याला शेवट असतो तरी का? एक फेरा संपतो, दुसरा सुरू होतो. गाणे थांबते ते दळण संपते तेव्हा. मग तुम्ही ज्याला शेवट म्हणता तो शेवट कशावरून? प्रश्न बिनतोड होता. मी विचार करू लागलो आणि चालीपेक्षा हाताची आठवण प्रथम आली. आमच्या आईच्या ओवीचा शेवटचा तुकडा आखूड असे. तो म्हणून झाला की उजव्या हाताने खुंटा फिरता ठेवून ती डाव्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण घाली, आणि तेवढा वेळ तिचा आवाज एकाच स्वरावर लांबत राही. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडत असे. शब्द कळत नसत, पण तो लांबलेला स्वर कानाच्या हाडात भरत असे. तो स्वर खालून दुसरा. सर्वांत खालचा स्वर पुढच्या फेऱ्याच्या आरंभी, वर उसळी घेण्यापूर्वी, नुसता शिवून येई.

अज्जींनी श्रुतिपेटी वर चढवून त्या दुसऱ्या स्वरावर लावली आणि स्वतः चाल म्हटली. रि, म, प अशी वर गेली, रि वर रेंगाळली, स वर येऊन थांबली, आणि तेथेच त्यांनी श्वास पुरेपर्यंत आवाज धरून ठेवला. मग म्हणाल्या, “मध्यमावती.” आपला मधमाद सारंग. त्यांच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, शेवटी हाच राग गातात; आधी काही चुकले असेल तर त्याने निस्तरते असे मानतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माझी आई मधमाद सारंग गात होती असे मी म्हणत नाही. रागाला नियम असतात, वेळा असतात. सारंग हा दुपारचा राग, तो पहाटे दळताना कोण गाईल? आई राग गात नव्हती, ओवी गात होती. पण राग नसला म्हणून षड्ज नव्हता असे होत नाही. तिचा एक स्वर घरचा होता, हे त्या संध्याकाळपासून मला पटले आहे. केवळ स्वरलिपीत ‘स रे ग प ध’ असे लिहून ठेवले असते तर तो पुसला गेला असता, आणि लिहिणाऱ्याने अक्षरही चुकीचे लिहिले नसते.

परंतु मला पटणे हा पुरावा नव्हे. चाळीस वर्षांचा मनुष्य पाच वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर निकाल देऊ लागला तर वरिष्ठ तो निकाल फिरवतील. दुसरा साक्षीदार एकच होता, आणि त्याच्याशी माझे या विषयावर बोलणे बंद होते. त्या रात्री म्हैसूरला परतताना गाडीत मी पुष्कळ विचार केला. म्हैसुरात महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून नभोवाणीचे छोटे केंद्र चालू केले होते. ‘आकाशवाणी’ हे नाव तेथले, मागाहून ते साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. मनाचा अभ्यास करणाऱ्याला दूरवर आवाज पोहोचविण्याची हौस वाटली, याचे मला त्या रात्री मुळीच नवल वाटले नाही. मी घरी पोहोचताच ताईला फोन लावला.

साक्षीदाराला उत्तर सुचवू नये, हे आम्हां नोकरशाहांना पढविलेले असते. म्हणून भूप, सारंग, अज्जी यांपैकी कशाचाही उच्चार न करता मी एवढेच विचारले, “आई वैरण घालायची तेव्हा तिचा आवाज कुठे असायचा?”

पलीकडे काही वेळ शांतता होती. मग तिने सुरुवातीपासून चाल म्हटली. पेटी नाही, तंबोरा नाही. आखूड तुकड्याशी आली आणि त्याच दुसऱ्या स्वरावर थांबून राहिली. मी घड्याळ पाहिले नाही, पण मूठभर ज्वारी जात्यात पडावयाला जेवढा वेळ लागतो तेवढी ती थांबली असेल. मग म्हणाली, “पण असं तर ते अधांतरी राहतं. गुरुजी म्हणाले, लोकांना संपल्याचं कळलं पाहिजे.”

मी तिला बेट्टदपुरचा सारा वृत्तान्त सांगितला. ती मध्येच म्हणाली, “तुला केव्हापासून सूर कळायला लागले?” त्यात राग होता की नाही हे मला अजून ठरविता आलेले नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. “मी काळी चारमध्ये गाते. मग तंबोरा कशावर लावायचा?”

“तुझा गळा जिथे आहे तिथेच राहू दे,” मी म्हणालो. “तंबोरा तेवढा काळी पाचवर चढव.”

गेल्या श्राद्धाला तिने तसेच केले. माझा भाचा पेटीवर होता. त्याला आधी सांगावयाचे आम्ही दोघेही विसरलो. शेवटच्या फेऱ्याला ताई आखूड तुकड्याशी आली, थांबली, आणि तंबोरा वाजत राहिला. भाचा मात्र काळी चारवर बोट टेकवून पुढच्या स्वराची वाट पाहत तिच्याकडे बघत बसला होता.